मोजून दिलेले पाणी

पवित्र कुरआनात पावसाचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. बहुतेक ठिकाणी तो कृपेच्या, जीवनाच्या आणि मृत भूमी पुन्हा सजीव होण्याच्या संदर्भात येतो. सूरह अल्-मोमिनूनमधील अठरावी आयत मात्र मराठवाड्यातील वाचकाने जरा थांबून वाचावी अशी आहे. तिचा आशय असा की, आकाशातून पाणी एका ठरावीक मापाने उतरविले गेले, ते जमिनीत थांबविले गेले, आणि ते परत नेण्याचे सामर्थ्यही अल्लाहला आहे. आपण पावसाविषयी बोलतो तेव्हा पहिल्या भागावरच थांबतो. यंदा किती पडला, सरासरीच्या किती टक्के पडला, एवढेच विचारतो. जमिनीत थांबविलेल्या पाण्याचे आपण काय केले, हा आयतीतील दुसरा भाग आपल्या बोलण्यात क्वचितच येतो.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या आपल्या या भागाला मुळातच माप लहान मिळाले आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मराठवाड्यात सरासरीने सुमारे ६८० मिलिमीटर पाऊस पडतो. २०१४ साली तो सरासरीपेक्षा सुमारे ४२ टक्क्यांनी कमी पडला, आणि लगेच पुढच्या वर्षी, २०१५ साली, पुन्हा सुमारे ४० टक्क्यांनी. सलग दोन वर्षांच्या या तुटीने मांजरा धरण कोरडे पडले. चार लाखांच्या आसपास वस्तीचे लातूर शहर टँकरवर आले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या जागा येथे जमावबंदी लागू करावी लागली, कारण घागरीवरून डोकी फुटण्याची भीती होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी निघाले. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी लातूरला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर पाणी होते. ऑगस्टपर्यंत तिच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ‘जलदूत’ हे नाव ज्यांनी दिले त्यांना शब्दाची जाण होती, असे मराठीचा विद्यार्थी म्हणून मला आजही वाटते.

त्या दोन वर्षांत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गावोगावी इस्तिस्काची, म्हणजे पाऊस मागण्याची नमाज अदा झाली. २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हाही ती पुन्हा अदा झाली. आणि दर वेळी, नमाजानंतर काही दिवस गेले की, एक प्रश्न माझ्यापर्यंत येतो. विचारणारा कधी तरुण शेतकरी असतो, कधी पानटपरी चालविणारा, एकदा तर बारावीत शिकणारी एक मुलगी होती. प्रश्न एकच: मौलाना, आम्ही ईदगाहवर उन्हात उभे राहिलो, रडलो, तरी पाऊस आला नाही, मग आमची दुआ कबूल झाली नाही का?

या प्रश्नाला एक सोपे उत्तर आपल्या काही मिंबरांवरून दिले जाते. पाप वाढले म्हणून पाऊस थांबला, असे ते उत्तर असते. मग पापांची यादी होते, आणि त्या यादीत बहुधा मुलींचे कपडे, तरुणांचे मोबाईल आणि लग्नातील डीजे असतात. मला या उत्तराची भीती वाटते. पापाचा आणि संकटाचा संबंध कुरआनाने नाकारलेला नाही. परंतु सूरह फातिरच्या शेवटी हेही सांगितले आहे की, माणसांच्या करणीबद्दल अल्लाहने त्यांना लगेच धरले असते तर पृथ्वीच्या पाठीवर एकही चालता जीव उरला नसता. शिवाय आपण ज्यांची नावे यादीत घालतो, ते आणि ज्यांचे बैल चाऱ्यावाचून बाजारात गेले, ते एकच लोक असतात. ज्याची विहीर आटली त्यालाच गुन्हेगार ठरवायचे, आणि ज्याने शंभर फुटांवर शेजारच्या बोअरखालून पाणी ओढले त्याला पहिल्या सफेत बसवायचे, ही कोणती नसीहत?

दुआ कबूल होते की नाही, यावर आपल्या उलमांनी पुष्कळ लिहिले आहे. कधी मागितले तेच मिळते, कधी त्याऐवजी एखादे संकट टळते, कधी ते परलोकासाठी राखले जाते. हे सारे सत्य आहे आणि मी ते सांगतोही. पण त्या बारावीच्या मुलीला सांगताना मला जाणवले की एवढ्याने तिचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. इस्तिस्का म्हणजे नेमके काय, याकडे आधी वळावे लागते.

हनफी फिक्हमध्ये या विषयावर एक मतभेद प्रसिद्ध आहे. इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते इस्तिस्कासाठी दोन रकात नमाज जमातीने अदा करणे सुन्नत आहे. त्यांचे उस्ताद इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते इस्तिस्काचा गाभा दुआ आणि इस्तिगफार हा आहे. त्यांचा आधार सूरह नूहमध्ये आहे. हजरत नूह (अलै.) आपल्या लोकांना सांगतात की आपल्या पालनकर्त्याकडे क्षमा मागा, तो तुमच्यावर आकाशातून भरभरून पाऊस सोडील, संपत्तीने व संततीने तुम्हाला बळ देईल, बागा आणि नद्या देईल. अमलात आपण नमाजही अदा करतो आणि दुआही करतो, ते योग्यच आहे. तथापि महान इमामांनी गाभा कशाला म्हटले, ते विसरू नये. गाभा आहे क्षमायाचना. आणि क्षमायाचनेत गुन्हा सोडून देण्याचा निश्चय असावा लागतो. चोरीचा माल घरात ठेवून तौबा होत नाही, हे मदरशातले लहान मूलही सांगेल. मग प्रश्न उरतो तो एवढाच की, पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात चोरीचा माल कोणता?

येथे एक हदीस मराठवाड्याने पाठ करावी अशी आहे. ती सहीह मुस्लिममध्ये आली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्याचा आशय असा की, पाऊस न पडणे हा खरा दुष्काळ नव्हे; पाऊस पडत राहावा, पुन्हापुन्हा पडावा आणि तरीही जमिनीतून काही उगवू नये, हा दुष्काळ आहे. ही हदीस मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा ती बरकतीविषयी आहे असे समजून पुढे गेलो होतो, आणि ती बरकतीविषयीच आहे. पण बरकत काढून घेतली जाण्याची दृश्य रूपेही असतात. २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच लातुरात इतका पाऊस झाला की कोरडे मांजरा धरण भरून वाहिले. आगगाडीने पाणी आणणाऱ्या शहराला अवघ्या काही महिन्यांत पुराची चिंता लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावे पाण्याखाली गेली. तहानही तीच भूमी सोसते आणि पूरही.

याचे कारण हवामानशास्त्र सांगते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तापलेली हवा जमिनीतील ओल शोषून घेते, म्हणून दोन पावसांमधला खंड जाचक होतो. आणि तेच बाष्प ती एकदम सोडते, म्हणून चार आठवड्यांचा पाऊस चार तासांत येतो. त्यात प्रशांत महासागराचे पाणी तापले, ज्याला एल निनो म्हणतात, तर आपला मान्सून बहुधा दुबळा होतो. २०१५ आणि २०२३ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणजे हवामान बदलले, असे कोणी म्हणू नये; कमी पाऊस मराठवाड्याने पूर्वीही पाहिला आहे. जगाचे सरासरी तापमान वर्षानुवर्षे चढत आहे आणि त्याला माणसाने जाळलेला कोळसा व तेल कारणीभूत आहे, हे मात्र आता वादाचे राहिलेले नाही. सूरह रूममध्ये सांगितले आहे की, माणसांच्या हातांच्या कमाईमुळे भूमीवर आणि सागरात बिघाड प्रकट झाला, यासाठी की त्यांनी आपल्या करणीची काही चव चाखावी आणि माघारी फिरावे. या आयतीचे भाष्य लिहिणाऱ्या जुन्या मुफस्सिरांपुढे तापलेला महासागर नव्हता. आपल्यापुढे आहे.

काही बांधवांना वाटते की एल निनोचे नाव घेणे म्हणजे तकदीर नाकारणे. ते हुदैबियाच्या हदीसचा हवाला देतात. तिथे रात्री पाऊस झाल्यावर सकाळी प्रेषितांनी (स.) सांगितले की, अमुक ताऱ्याने आम्हाला पाऊस दिला असे म्हणणारा अल्लाहचा इन्कार करणारा ठरतो. हदीस सही आहे. तिचा हा अर्थ मात्र बरोबर नाही. तिथे निषेध आहे तो ताऱ्याला दाता मानण्याचा. आपला शेतकरी मृगात पेरणी आणि आर्द्रात कोळपणी म्हणतो, तेव्हा तो काळ मोजत असतो, ताऱ्याची भक्ती करीत नसतो. ताप डासाच्या चाव्याने येतो असे डॉक्टरांनी सांगितल्याने कोणी काफिर होत नाही. कारण जाणणे हे दात्याला नाकारणे नव्हे. उलट कारण कळल्यावर हात आखडता न घेणाऱ्याचा हिशेब अधिक कठीण होतो.

आता जमिनीत थांबविलेल्या पाण्याकडे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेले वृद्ध आजही आपल्या जमातीत आहेत. ते मिलो ज्वारी आणि सुकडी यांच्या आठवणी सांगतात, खडी फोडण्याच्या कामाच्या सांगतात. त्या साली माणसाला धान्य नव्हते. प्यायचे पाणी मात्र पुष्कळ गावांत विहिरीला दोर वाढवून मिळत होते. २०१६ साली रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ होता आणि पाणी सातशे-आठशे फुटांवरही लागत नव्हते. या दोन दुष्काळांमधील अंतर आकाशाने निर्माण केलेले नाही. आपली जमीन बेसाल्टची, काळ्या कातळाची. त्यात पाणी भेगांतून आणि वरच्या मुरमाड थरातून मुरते, फार खोल साठत नाही. खोल बोअरला जे पाणी लागते ते कित्येक वर्षांत मुरलेले असते. ते एका उन्हाळ्यात उपसले तर पुढच्या पावसाने भरून येत नाही. महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. तरीही रिगच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. सूरह मुल्कच्या अखेरच्या आयतीत अल्लाह विचारतो की तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? दर रात्री झोपण्यापूर्वी ही सूरह पढणारे आपल्यात कितीतरी आहेत. ज्याच्या शेतात तिसरे बोअर कोरडे गेले आणि त्यापायी सावकाराचे कर्ज झाले, त्याला या आयतीचा तर्जुमा सांगावा लागत नाही.

आणि ऊस. याविषयी बोलले की माणसे नाराज होतात, कारण आपल्यातही ऊस लावणारे आहेत, तोडणारे आहेत, कारखान्यात नोकरी करणारे आहेत. पण गणित साधे आहे. ६८० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात दोन हजारांहून अधिक मिलिमीटर पाणी मागणारे पीक उभे करायचे, तर उरलेले पाणी कोणाच्या तरी वाट्यातून येणार. तो वाटा बहुधा ज्याच्याकडे बोअरही नाही त्याचा असतो. उसाला हमीचा भाव आणि जवळ कारखाना आहे, तूर-ज्वारीला तसा भरवसा नाही, हे मान्य; शेतकऱ्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. ठिबक वापरा, क्षेत्र घटवा, हे सांगणे माझे काम आहे, आणि बाजाराची व्यवस्था बदला, हे मागणे आपल्या सर्वांचे.

अबू दाऊदमधील हदीसनुसार पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत. बुखारीतील हदीसनुसार, कियामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांकडे पाहणार नाही, त्यांत वाटेवर जादा पाणी असूनही प्रवाशाला ते न देणारा माणूस आहे. म्हणून २०१६ च्या एप्रिलमधील एक प्रसंग येथे सांगणे उचित वाटते. तेव्हा मी लातूरमधील एका मशिदीत नायब इमाम होतो. मशिदीच्या बोअरला दिवसाकाठी तासभर पाणी येई. मोहल्ल्यात टँकर आठ-दहा दिवसांनी. कमिटीत वाद झाला: बोअर मशिदीच्या वक्फचे, वुजूसाठी खोदलेले; ते मोहल्ल्याला भरू दिले तर नमाजींचे काय? बुजुर्गांची चिंता खोटी नव्हती. वक्फचा हेतू सहज बदलता येत नाही. आमच्या उस्तादांना फोन केला. त्यांनी मसला ज्या क्रमाने उलगडला तो क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी त्यांनी विचारले की पाणी फक्त पिण्यापुरते असेल तर वुजूचे काय? आम्ही म्हणालो, तयम्मुम. त्यांनी विचारले, तहान फक्त स्वतःची हवी का? आम्ही किताबातले सांगितले: स्वतःची, सोबत्याची, जनावराची, एवढेच काय, राखणीच्या कुत्र्याची तहान असली तरी तयम्मुम जायज आहे. ते म्हणाले, मग शरीअतने वुजू आणि तहान यांतले आधी कोण ते ठरवलेच आहे की, तुम्ही मला कशाला विचारता?

नमाजींनी घरूनच लोटाभर पाण्यात वुजू करून यावे असे ठरले, आणि बोअर मोहल्ल्याला खुले झाले. रांगेत कोण कोणत्या धर्माचे, हे कोणी विचारले नाही. हे सांगताना मशिदीची थोरवी गाण्याचा हेतू नाही. त्या उन्हाळ्यात लातुरात मंदिरांनी, शाळांनी आणि साध्या घरमालकांनीही हेच केले. माझ्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. मशिदीतली खर्चाची बादली मोजली तेव्हा कळले की पूर्वी आम्ही एका वुजूला दहा-दहा लिटर पाणी सोडत होतो. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एका साअपासून फार तर पाच मुद्दपर्यंत पाण्यात स्नान करीत, असे हजरत अनस (रजि.) सांगतात. मुद्द म्हणजे ओंजळभर. आजच्या मापाने फार तर एक लिटर. वाहत्या नदीकाठीही उधळपट्टी नको, ही प्रसिद्ध हदीस आपण भिंतींवर रंगवतो. तिच्या सनदीला मुहद्दिसांनी कमजोर म्हटले आहे. मुद्दची हदीस बुखारी-मुस्लिम दोहोंत आहे आणि ती कोणी रंगवत नाही. बहुधा ती पाळावी लागेल म्हणून.

हिजरी १८ मध्ये मदिना परिसरात भीषण दुष्काळ पडला. जमिनीची राख झाली म्हणून त्या वर्षाला राखेचे वर्ष म्हणतात. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी हजरत अब्बास (रजि.) यांना पुढे करून पावसाची दुआ केली, हे आपण वारंवार ऐकतो. त्याच काळात त्यांनी हजरत अम्र बिन आस (रजि.) यांना पत्र पाठवून धान्याचे काफिले मागविले, आणि लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप व दूध वर्ज्य केले, तेलावर राहून त्यांचा वर्ण काळवंडला, हे कमी ऐकतो. त्यांच्या दुआमागे रिकामे पोट होते. आमच्या दुआमागे पाण्याचा मीटर नसलेले दोन इंची कनेक्शन असते.

पाण्याच्या वाट्यावरून मदिन्यातही भांडण झाले होते. हर्रा भागातील पाटाच्या पाण्यावरून हजरत जुबैर (रजि.) आणि एका अन्सारी सहाबींचा तंटा प्रेषितांपुढे (स.) आला. जुबैर यांचे शेत वर होते. निवाडा झाला की जुबैर यांनी आपले शेत भिजवावे आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारींना त्यात नातेवाइकाची बाजू घेतल्याचा संशय आला, तेव्हा जुबैर यांना त्यांचा पूर्ण हक्क घ्यायला सांगण्यात आले. पहिल्या निवाड्यात वरच्याला त्याच्या हक्कापेक्षा कमी घेऊन सोडायला सांगितले होते, हे त्यामुळे उघड झाले. गोदावरीच्या खोऱ्यात आपण स्वतःला नेहमी खालचे शेतकरी समजतो. नाशिक-नगरची धरणे वर, जायकवाडी खाली, आणि पाणी सोडा म्हणून दरवर्षी आपण वर पाहतो. मागणी न्याय्य आहे. पण नांदेड जिल्ह्यातच, धर्माबाद तालुक्यात, बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात, कारण खाली तेलंगणाचा शेतकरी आहे. तिथे आपण जुबैर आहोत.

परवा एका मशिदीच्या कमिटीने विचारले की नवे बोअर घ्यायला जकातीबाहेरचा चंदा गोळा करावा का? मी त्यांना छताचे माप विचारले. दोन हजार चौरस फूट निघाले. कागदावर मांडले: सरासरीच्या वर्षी त्या छतावर सव्वा लाख लिटर पाणी पडते. २०१५ सारख्या वर्षी, चारशेच मिलिमीटर पाऊस झाला तरी, ७४,००० लिटर. गळती-बाष्प सोडून साठ हजारांच्या आसपास हाती लागते. जलदूतची एक वाघीण ५०,००० लिटरची होती. बोअरचा बेत सध्या थांबला आहे. मिस्त्रीने पन्हाळी, गाळणी आणि शोषखड्ड्याचा खर्च काढून दिला आहे, आणि पुढच्या जुम्याला तो जमातीपुढे ठेवायचा आहे.